कसं बोललात!

सोसायटीची सर्वसाधारण सभा चालू आहे. सेक्रेटरी उभे राहून सांगतात, "पाण्याचा प्रश्न आता कायमचा मिटला. उद्यापासून रोज टँकर येणार." क्षणभर शांतता. मग मागच्या रांगेतून आवाज येतो, "कसं बोललात!" सभा फसकन हसते. सेक्रेटरीही ओशाळून हसतात. इतिवृत्त लिहिणाऱ्याची मात्र पंचाईत होते. कुणी आरोप केलेला नाही, हिशेब मागितलेला नाही, उलट दादच दिली आहे. पण रोज टँकर येणं म्हणजे प्रश्न मिटणं नव्हे, हे एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आलेलं असतं.

या दोन शब्दांना मराठी वर्तमानपत्रात हक्काची जागा मिळाली ती म्हैसूरच्या एका माणसामुळे. आर. के. लक्ष्मण यांचं 'यू सेड इट' हे छोटं व्यंगचित्र 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये 'कसं बोललात!' या नावाने येत असे. इंग्रजी बोलण्यातला एक सैल वाक्प्रचार, तो उचलणारा म्हैसूरच्या तमिळ घरातला चित्रकार आणि त्याला मिळालेलं मराठी नाव, असा हा प्रवास आहे. थट्टा एका भाषेतून दुसरीत जाते तेव्हा वाटेत काय टाकते आणि काय उचलते, हे समजून घ्यायला याहून सोयीचं उदाहरण सापडणं कठीण.

दीडशहाण्यांचा शब्द

मागच्या रांगेतून येणाऱ्या अशा शेऱ्याला इंग्रजीत 'वाइजक्रॅक' म्हणतात. हा शब्द २० व्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत अमेरिकेत रुळला. त्यातलं 'वाइज' म्हणजे शहाणा, पण हे शहाणपण कौतुकाचं नाही. अमेरिकेतला 'वाइज गाय' म्हणजे आपला दीडशहाणा. 'क्रॅक' म्हटलं की आपल्याला तडा किंवा फटाक्याचा आवाज आठवतो. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या बोलींत मात्र या शब्दाला गप्पा, बढाई असाही जुना अर्थ आहे. आयर्लंडने तोच शब्द उचलला, आपल्या पद्धतीने लिहिला आणि मित्रांच्या बैठकीतल्या मौजेला तो लावला. पुढे अमेरिकेत 'वाइजक्रॅक' उलटा फिरवून 'क्रॅक वाइज' असं क्रियापद झालं. गुन्हेगारी कथांतला पोलीस पकडलेल्या गुंडाला दटावतो तेव्हा हे क्रियापद हमखास येतं. "जास्त शहाणपणा करू नकोस" हे त्याचं मराठी, आणि त्यातही शहाणपण तसंच उलट्या अर्थाचं आहे. शहाण्याला शहाणा म्हणून टोचण्याची खोड दोन्ही भाषांना आहे.

'यू सेड इट' हाही त्याच अमेरिकी बोलण्यातला तुकडा. शब्दांवर गेलं तर 'तू ते म्हणालास', इतकंच. वापरात त्याचा अर्थ 'अगदी मनातलं बोललास' असा होतो. पण सूर थोडा बदलला की तेच शब्द 'हे तूच म्हणालास हं, मी नाही' असं बजावतात. एकाच वाक्यात होकार आणि चिमटा. व्यंगचित्रकाराला याहून चांगलं नाव कुठलं मिळणार!

म्हैसूरचा धाकटा

लक्ष्मण यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९२१ चा, म्हैसूरमधला. वडील मुख्याध्यापक, सहा मुलगे, त्यांत हा सर्वांत धाकटा. कादंबरीकार आर. के. नारायण हे त्याचे थोरले भाऊ. लिहावाचायला येण्याच्या आधीपासून घरातल्या जमिनीवर, भिंतींवर, दारांवर त्याची चित्रं उमटत होती. शाळेत त्याने काढलेलं पिंपळाचं पान मास्तरांना आवडलं आणि आपण चित्रकार होणार, हे मुलाने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

'हिंदू'मध्ये डेव्हिड लो या ब्रिटिश व्यंगचित्रकाराची चित्रं येत. ती पाहत हा मुलगा वाढला. लो यांच्या सहीतलं पहिलं अक्षर त्याला नीट लागत नसे. त्यामुळे या थोर कलावंताचं नाव 'काउ', म्हणजे गाय, आहे असं तो बरीच वर्षं समजत होता. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे त्याने प्रवेशासाठी चित्रं पाठवली. विद्यार्थी म्हणून घेण्याइतकी गुणवत्ता त्यांत दिसत नाही, असं उत्तर आलं. मग म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात बी. ए. करता करता भावाच्या कथांना चित्रं आणि नियतकालिकांना व्यंगचित्रं असं काम चालू राहिलं.

त्या काळी म्हैसूर संस्थानात थट्टेला चांगले दिवस होते. लंडनहून भूगर्भशास्त्र शिकून आलेले टी. पी. कैलासम कन्नड नाटकांत इंग्रजीची इतकी बेमालूम भेसळ करत की अर्धवट साहेबी झालेला प्रेक्षक स्वतःलाच हसून घरी जाई. ना. कस्तुरी हे मूळचे मल्याळी प्राध्यापक. त्यांनी कन्नडमध्ये 'अनर्थकोश' नावाचा शब्दकोश रचला. शब्दाचा अर्थ सांगण्याऐवजी त्याचा अनर्थ करून दाखवणारा. डॉ. एम. शिवराम यांनी १९४२ मध्ये 'कोरवंजी' हे विनोदी मासिक काढलं. कोरवंजी म्हणजे दारोदार भविष्य सांगत फिरणारी बाई. भविष्य सांगण्याच्या मिषाने घरातल्या चार खऱ्या गोष्टी ऐकवून जाणारी. या मासिकात तरुण लक्ष्मण यांची चित्रं येत.

या माणसांत एक धागा समान आहे. कैलासम तमिळ घरातले, कस्तुरी मल्याळी, लक्ष्मणही तमिळ. तिघांचंही घर आणि गाव वेगवेगळ्या भाषांत बोलत होतं, आणि इंग्रजी तिसरी. ज्याला रोज दोन उंबरठे ओलांडावे लागतात त्याला भाषेतल्या गमती लवकर दिसतात. आपण ज्या वाक्यावरून सहज चालत जातो, तिथे त्याला ठेच लागते, आणि विनोदाला ठेचच लागते.

बोलतो तो, हसतो मी

लक्ष्मण मुंबईला आले आणि आधी 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये लागले. तिथे त्यांचे सहकारी होते बाळ ठाकरे. मग 'टाइम्स ऑफ इंडिया'. पहिल्या पानावरच्या एका कोपऱ्यात, एका स्तंभाच्या रुंदीचं 'यू सेड इट' सुरू झालं ते १९५१ मध्ये. त्याआधी मोठ्या चित्रांत देशातली जनता दाखवायची तर बंगाली, पंजाबी, तमिळ, मराठी अशा वेगवेगळ्या पेहरावांची गर्दी काढावी लागे. रोजच्या घाईत एवढी माणसं काढायला वेळ कुठला? गर्दीतला एकेक जण गळत गेला आणि शेवटी एकच उरला. धोतर, चौकड्यांचा कोट, चष्मा, टक्कल, कानांमागे पांढऱ्या केसांचे झुबके, भुवया कायम वर चढलेल्या. तो कुठल्याच प्रांताचा नव्हता, म्हणून सगळ्यांचाच झाला. हाच लक्ष्मण यांचा 'सामान्य माणूस'.

आता या चित्राची बांधणी जवळून पाहू. चित्राखाली एकच वाक्य असतं. ते वाक्य सामान्य माणसाचं कधीच नसतं. बोलणारा दुसराच कुणी असतो: मंत्री, त्याचा सचिव, ठेकेदार, डॉक्टर, फाइलींच्या ढिगाआडचा बाबू. तो गंभीरपणे, पूर्ण खात्रीने काहीतरी सांगत असतो. सामान्य माणूस बाजूला उभा राहून ऐकतो. घरातल्या चित्रांत त्याची बायको भरपूर बोलते, हा मात्र गप्प. वाक्यातला विरोध चित्रात दिसत असतो. दुष्काळावर मात केल्याचं सांगणारा पुढारी आणि त्याच्या पायाखालची भेगाळलेली जमीन, अशा धर्तीचा. हसू येतं ते बोलणाऱ्याच्या शब्दांचंच, व्यंगचित्रकार पदरचं काही घालत नाही.

म्हणूनच वर नाव 'यू सेड इट'. साहेब, आम्ही काही म्हटलं नाही, तुम्हीच बोललात. साध्या टोमण्यात आपण शब्द तयार करतो आणि समोरच्यावर फेकतो. इथे समोरच्याचाच शब्द उचलून, जरा पुसून, त्याच्याच हातात परत दिला जातो. त्यावर रागावायचं तर स्वतःवरच रागवावं लागतं.

मराठीत काय घडलं

या नावाचं सरळ भाषांतर 'तुम्ही म्हणालात' असं झालं असतं. अर्थ बरोबर, पण वाक्य मेलेलं. 'हे तुम्हीच म्हणालात' असं केलं असतं तर वकिलाची उलटतपासणी झाली असती. 'कसं बोललात!' या नावाने दोन गोष्टी साधल्या, आणि दोन्ही मूळ इंग्रजीत नाहीत.

पहिली म्हणजे 'कसं'. हा प्रश्न नाही, कारण त्याला उत्तर कुणी देत नाही. गाण्याच्या बैठकीत "काय गायलात!" म्हणतात तशी ही दाद आहे. शाळेत आपण व्याजस्तुती हा अलंकार शिकलो: वरून स्तुती, आतून निंदा. दुसरा अलंकार वक्रोक्ती. ९ व्या शतकातल्या रुद्रटाने तिचे दोन प्रकार सांगितले. एक श्लेषाने होणारी आणि दुसरी काकूने होणारी. ही काकू म्हणजे काकांची बायको नव्हे. काकू म्हणजे बोलण्यातला सूर, आवाजाची चढउतार. शब्द तेच राहतात आणि सुरामुळे अर्थ उलटतो. 'कसं'मधला 'क' जरा लांबवला, शेवटी मान किंचित हलवली, की कौतुकाची टिंगल होते. कागदावर सूर छापता येत नाही. त्याचं काम तिथे शेवटचं उद्गारचिन्ह आणि त्याखालचं चित्र मिळून करतं.

दुसरी गोष्ट म्हणजे 'बोललात'मधला आदर. इंग्रजीतलं 'यू' पंतप्रधानालाही तेच आणि चहावाल्या पोऱ्यालाही तेच. मराठीत तसं बोलता येत नाही. तोंड उघडल्याबरोबर तू, तुम्ही की आपण, हे ठरवावंच लागतं. 'कसं बोललास!' म्हटलं तर ते मित्राच्या पाठीवर थाप मारणं झालं. 'कसं बोललात!' म्हणताच समोरचा माणूस खुर्चीवर बसतो आणि बोलणारा सतरंजीवर. तिथून, मान राखून, खालून वर फेकलेला शब्द जास्त लागतो. नावातल्या एका 'लात'ने सामान्य माणसाची जागा ठरवून टाकली.

म्हैसूरच्या कन्नडमध्येही हीच सोय आहे. कुणी भलतंच बोललं की "चेन्नागी हेळिद्री!" म्हणजे "छान सांगितलंत!" असं आदरार्थी म्हणता येतं. वर 'स्वामी' जोडलं की काम फत्ते. आपल्याकडे "वा महाराज!" किंवा "धन्य आहात!" म्हणतात तसं. कन्नड आणि मराठी वेगवेगळ्या भाषाकुळांतल्या खऱ्या, पण माणसाला मान देऊन त्याचा पाणउतारा कसा करायचा, हे दोघी शेजारणींनी सारखंच घोटलं आहे.

पंडित, कारकून आणि शालजोडी

मराठीत या कामासाठी हत्यारं पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची धार निराळी. थट्टा आणि मस्करी प्रेमाची. टिंगल, टवाळी, खिल्ली यांत समोरच्याला दुखलं तरी चालतं. कोपरखळी जवळच्या माणसालाच मारता येते, कारण कोपर लांब पोचत नाही. चिमटा हळूच काढायचा. टोमणा बहुधा तिसऱ्याला उद्देशून बोलून दुसऱ्याला मारायचा, आणि फिरकी घ्यायची ती समोरच्याला शेवटपर्यंत कळू न देता. शालजोडीतला देणं ही सर्वांत दरबारी रीत: शालजोडी मानाची, आत गुंडाळलेला जोडा पायातला.

वाइजक्रॅकच्या अगदी जवळ जाणारे शब्द मात्र विद्वानांच्या पोथीतून आणि कचेरीतून आले आहेत. कागदाच्या कडेला साहेब लिहितो तो शेरा. त्यावरून शेरेबाजी. आणि दुसऱ्याच्या बोलण्यावर न विचारता जोडलेलं खोचक भाष्य म्हणजे मल्लिनाथी. कोलाचल मल्लिनाथ हा आजच्या तेलंगणातला, मेदकजवळच्या कोलचारमचा संस्कृत पंडित, साधारण १४ व्या-१५ व्या शतकातला. कालिदासाच्या काव्यांवरच्या त्याच्या टीका आजही प्रमाण मानतात. निराधार काही लिहिणार नाही आणि अनावश्यक काही बोलणार नाही, अशी प्रतिज्ञा त्याने टीकेच्या आरंभीच केली होती. मराठीने नेमकं त्याचंच नाव उचलून अनावश्यक बोलण्याला चिकटवलं. एवढी लांबची फिरकी दुसऱ्या कुठल्या पंडिताची घेतली गेली नसेल.

इंग्रजी 'लेग पुलिंग'चं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. कन्नडने ते पायासकट घेतलं. 'कालु एळेयोदु' म्हणजे पाय ओढणं, आणि कन्नड वर्तमानपत्रांत आज ते थट्टा करणं या अर्थानेच येतं. मराठीत ते जमेना, कारण 'पाय ओढणं' ही जागा आधीच भरलेली होती. पुढे जाणाऱ्याला मागे खेचायचं, टोपलीतल्या खेकड्यांसारखं, हा तिचा अर्थ. मग मराठीने पाय सोडला आणि नुसतं ओढणं ठेवलं: "त्याची जास्त खेचू नकोस." कुणाची, काय खेचायचं, ते अध्याहृत.

अशा जागी शेजारची भाषा फसवते. म्हैसूरमध्ये कुणी "तमाषे माडबेडी" म्हणालं तर मराठी माणसाला वाटेल, आपल्याला "तमाशा करू नका" असं सुनावलं. तो बिचारा "थट्टा करू नका हो" इतकंच म्हणत असतो. तीच गत 'चेष्टा' शब्दाची. संस्कृतात हालचाल, हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा आणि कन्नडमध्ये 'चेष्टे' म्हणजे पोरांचा खोडकरपणा. एकच शब्द चार घरी चार वागणुकींचा.

अशी शेजारची भाषा रीतसर शिकण्याचीही सोय आहे. १७ जुलै १९६९ रोजी स्थापन झालेली, म्हैसूरच्या मानसगंगोत्री परिसरातली भारतीय भाषा संस्थान ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिच्या प्रादेशिक केंद्रांत एका राज्यातले शिक्षक दुसऱ्या राज्याची भाषा शिकतात. कन्नड शिकायचं तर म्हैसूरला, मराठी शिकायची तर पुण्याला, डेक्कन कॉलेजच्या आवारात. व्याकरण, शब्दसंग्रह, पत्रलेखन हे सगळं वर्गात शिकवता येतं. थट्टा मात्र वर्गाबाहेर, खाणावळीत आणि बसथांब्यावरच शिकावी लागते, कारण तिच्यात शब्दाचा अर्थ कळून भागत नाही. कोण कुणाला, कुठल्या नात्याने आणि कुठल्या सुरात बोललं, हे सगळं एकदम कळावं लागतं. परक्या भाषेत माणूस रागावायला लवकर शिकतो, हसायला उशिरा.

थट्टेची हद्द

थट्टेची दुसरी बाजूही मुंबईने 'यू सेड इट'च्याच काळात पाहिली. लक्ष्मण यांचे 'फ्री प्रेस'मधले सहकारी बाळ ठाकरे यांनी १९६० मध्ये 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक काढलं. त्यात 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या अमराठी, मुख्यतः दाक्षिणात्य, अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात. मथळा उपरोधाचाच होता. वाचणाऱ्याने थंड बसू नये, हाच त्याचा अर्थ. मराठी तरुणाला नोकरी मिळत नाही, हा राग खरा होता. पण त्याच वाऱ्यात दाक्षिणात्य भाषांना सरसकट 'यंडुगुंडू' म्हणण्याची सवयही पसरली. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम या चार समृद्ध भाषा एका खुळखुळ्यासारख्या शब्दात गुंडाळल्या गेल्या. तो शब्द वापरणारे पुष्कळजण रोज सकाळी एका म्हैसूरकराच्या चित्राला मनापासून हसत होते.

दोन्ही विनोदांत फरक कुठे आहे? लक्ष्मण यांचं चित्र माणसाच्या बोलण्याला आणि वागण्याला हसतं. ते बोलणं त्याला उद्या बदलता येतं. 'यंडुगुंडू' माणसाच्या मातृभाषेला हसतं, आणि ती त्याने निवडलेली नसते. शिवाय चित्रातला बाण खालून वर जातो, सतरंजीवरून खुर्चीकडे. दुसऱ्या थट्टेत चारजण मिळून एकाला घेरतात.

म्हणून एक घरगुती कसोटी सांगतो. जे म्हणायचं ते त्या माणसाच्या तोंडावर, 'अहो' लावून म्हणता येतं का, ते पाहावं. येत असेल तर तो विनोद, मग कितीही खोचक असो. पाठ वळल्यावरच सुचत असेल तर ती निंदा, मग सभा कितीही हसो.

लक्ष्मण यांचं २६ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात निधन झालं. त्यांचा सामान्य माणूस २००१ पासून पुण्याच्या सेनापती बापट रस्त्यावर, सिंबायोसिसच्या आवारात पुतळा होऊन उभा आहे. चित्रांमध्ये त्याने एकदाही तोंड उघडलं नाही. त्याला कधी गरजच पडली नाही. बोलणारे पुष्कळ होते.